उजव्या खांद्यावरचं तेल

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. 'देवळाच्या पायरीवर पाय घसरून उजव्या हाताची बोटं चिरडली.' पाय घसरला की बोटं चिरडतात? तीही चार, अंगठा सोडून? तुमच्या पोलीस ठाण्यात जादूटोणाविरोधी कायद्याचा फलक टांगलाय, त्याच्याखाली बसून लिहिलंत हे. म्हणून आता मी लिहितो. मी अक्षय, धाटावच्या कंपनीत शिफ्ट करतो. ज्याची बोटं गेली त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

गुणाजीदादा पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचा. वीस वर्षं. देव मानत नव्हता. कोणी छेडलं तर म्हणायचा, "माज्याकडं येतो तवा आंधळा असतो. मीच त्याला बघायला लावतो."

वैशाखात केरूचा नातू तापाने गेला. केरू आमच्या गावकीचा पंच. त्याने नाव घेतलं सीताकाकीचं, त्याच्या बांधाला लागून वाल पिकवणाऱ्या विधवेचं. हिनं पोर खाल्लं म्हणाला. गावकीने ठरवलं, रविवारी कौल लावू. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर बाई निर्दोष, डावी पडली तर गावाबाहेर.

त्या सकाळी देवाचे डोळे रंगवून द्यायला दादाच गाभाऱ्यात गेला होता.

कौल लागला. उजवी पडली. काकी देवापुढे आडवी पडून रडली. केरूने नाक घासलं. "देवानं सांगितलं. माजं चुकलं."

इथे संपलं होतं सगळं. दादाने तोंड मिटून घरी यायचं होतं. पण त्याला ती बाई वाचायला हवी होती, देवाच्या नावावर वाचलेली नको होती.

"देवानं काय नाय सांगितलं," तो म्हणाला. "उजव्या खांद्याला मी तेल लावलंय. तेलावर कळी टिकत नाय. बघा." उजवा खांदा पुसून त्याने डाव्याला तेल चोळलं, नव्या कळ्या लावल्या. डावी पडली. "झाली आता काकी चेटकीण?" म्हणून हसला.

एकटाच हसला. काकी उठली. "गुना, ते तेल पूस. मला खरा कौल लावू दे."

"खरा नसतोच गो काकी."

"तुज्यासाठी नसंल. आत्ता देव माज्या बाजूनं होता. तू काढून घेतलास त्याला."

"अगो, मी वाचवलं तुला."

दादाचा हात देवाच्या चौथऱ्यावर टेकलेला होता. काकीने नारळ फोडायचा दगड उचलला आणि त्या हातावर घातला. पहिला घाव तिचा, साहेब. मी लपवत नाय. मग केरूने मनगट दाबून धरलं आणि बाकीच्यांनी पुरं केलं. मी दाराशी उभा होतो. मला त्याच गावात राहायचंय.

मग देवाला धुतलं, तेल काढलं, काकीच्या हट्टाने पुन्हा कौल लावला.

डावी पडली.

तिला कोणी ढकललं नाही. स्वतःच घरी गेली, बोचकं बांधलं. मी आडवा गेलो. "काकी, कळी हाय ती. एक बाजू पडनारच."

"देव खोटं बोलनार नाय, अक्षय. मीच खाल्लं आसंल पोराला. मला ठाव नसंल."

आता ती वडखळच्या नाक्यावर बसते. कडेवर पोर घेतलेली बाई समोरून आली की पदराने स्वतःचे डोळे झाकून घेते. दादा डाव्या हाताने जेवतो. तिला जाऊन भेट म्हटलं तर म्हणतो, "पयला दगड कुनाचा?"

माझं ती ऐकत नाही. दादाचं तर नाहीच. तुमच्या शिक्क्याला मात्र ती अजून भिते. केरूच्या नातवाचे दवाखान्याचे कागद चौकशीत तुम्ही मागवून घेतलेत. सीताबाईने ते पोर खाल्लं का? हो की नाही, एवढंच लिहा, खाली सही करा आणि वडखळला जाऊन तिला वाचून दाखवा. कधी जाताय?