उतरलेलं वजन

घड्याळ पुन्हा मनगटावरून घसरून कोपराकडे निघालं. पट्ट्याची सगळी भोकं संपली तेव्हा तिनं सुई तापवून आणखी एक पाडलं होतं, आता तेही सैल पडायला लागलं होतं… पेडल मारता मारता तिनं घड्याळ मनगटाकडे ढकललं, हात सायकलच्या उंच हँडलवर ठेवला, आणि ते पुन्हा खाली आलं. सायकल जागच्या जागी घरघरत होती. समोर गॅलरीची भिंत, भिंतीवर वाळत घातलेला टॉवेल — तिथवर पोचायचं कधी नव्हतंच, तरी गेलं वर्षभर रोज सकाळी ती त्या टॉवेलच्या दिशेनं घामाघूम होऊन निघत होती.

आत चिमणी जागी झाली असेल. पण हाक मारणार नाही, सायकल थांबेपर्यंत छताकडे बघत पडून राहील. चिमणी म्हणजे तिची मुलगी. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती म्हणून बाप चिमणी म्हणाला आणि नाव चिकटलं. पुढे तिचे पाय काही उभे राहिले नाहीत, बाकीची मुलगी मात्र रीतसर वाढली — खांदे, आवाज, मतं, सगळं वाढलं. आता ती घरबसल्या एका बसकंपनीचे तक्रारींचे फोन घ्यायची, आणि लोक किती का शिव्या देईनात, मधाळ आवाजात त्यांना गार करायची. तिला पलंगावरून चाकांच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत खुर्चीत, आईनं उचलून न्यायचं. आईनंच. एकटीनं. चिमणीनं दोन्ही हात आईच्या मानेमागे नेऊन बोटं एकमेकांत अडकवायची आणि ‘हं’ म्हणायचं, की आई उचलणार. हे असं चालत आलं होतं — परवापर्यंत.

परवा दोघी पडल्या. पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये, फरशीवर. कुणाला काही लागलं नाही, चिमणी तर हसलीसुद्धा. पण नवरा कामावर गेलेला, आणि फरशीवरून तिला वर घेणं काही केल्या जमेना, तेव्हा शेजारच्या गृहस्थांना हाक मारावी लागली. त्यांनी चिमणीला काखेत हात घालून उचललं आणि खुर्चीत टाकलं. टाकलं नाही, ठेवलं — भला माणूस आहे, त्यांना कशाला नावं ठेवायची — पण त्या वेळी चिमणीनं डोळे मिटून घेतले होते, आणि तेव्हापासून ते मिटलेले डोळे आईच्या नजरेसमोरून हलायला तयार नव्हते.

पेडल जड झालं. तिनं मुद्दामच ते जड केलं होतं, परवाची शिक्षा म्हणून. हे सगळं सुरू झालं गुडघ्यांपासून. डॉक्टर म्हणाले होते, वजन उतरवा, नाहीतर गुडघे गेले समजा. एवढंच. पुढचा रुग्ण दारात उभा होता. गुडघे गेले म्हणजे चिमणीला उचलणं गेलं, आणि तिला उचलणं गेलं म्हणजे मग तो रंगीत माहितीपत्रकातला अपंगांचा निवास — मोठ्या खिडक्या, हसऱ्या आया — जो थोरल्या नणंदेनं एकदा ‘फक्त बघून ठेव’ म्हणून दाखवला होता. तिनं बघून ठेवला नाही. तिनं सायकल आणली. सकाळी सायकल, संध्याकाळी चालणं, ताटात उकडलेल्या भाज्या आणि काकडी… आणि वजन उतरलं की. झरझर उतरलं. जो तो थांबवून कौतुक करायचा, काय ग, काय करतेस तरी काय? आणि ती, मूर्ख, लाजायची.

वजन उतरलं, आणि त्याबरोबर मुलगी हातातून खाली गेली. तेलही गेलं, तूपही गेलं.

तिनं सायकल थांबवली. आत नवरा चिमणीच्या पलंगाशी आधीच उभा होता, चोरी करायला आल्यासारखा. हर्नियाच्या ऑपरेशननंतर त्याला पिशवीसुद्धा उचलायची मनाई होती, पण कालपासून दोघं मिळून चिमणीला न्यायचे, तो खांद्यांकडून, ती पायांकडून. चिमणी श्वास रोखून धरायची. लहानपणी तिची समजूत होती की श्वास धरला की माणूस हलकं होतं. समजूत गेली, सवय राहिली. खुर्चीत बसल्यावर तिनं श्वास सोडला आणि बापाला विचारलं, दुखलं का. बाप म्हणाला, छे. त्याचं तोंड सांगत होतं की दुखलं.

“उद्यापासून तुम्ही नाही हात लावायचा,” आई म्हणाली.

“मग कोण?” तो म्हणाला.

यावर ती स्वयंपाकघरात निघून गेली.

कामावरही तेच. दातांच्या कवळ्या बनवणारी छोटीशी प्रयोगशाळा, तिघं माणसं. ती मेणात दात बसवायची — एकेक दात चिमट्यानं उचलून गुलाबी मेणाच्या हिरडीत टेकवायचा, दिव्यावर पातं तापवून मेण वितळवायचं, पुन्हा बघायचं, वाकडा आहे का. हात थरथरून चालत नाही. आज एकच दात तिला तीनदा बसवावा लागला. समोर प्लास्टर ओतणारा माणूस, ज्याला सगळे पैलवान म्हणायचे, दंड फुगवून साचे ठोकत बसला होता. त्याला तिनं कालच विचारलं होतं — उगीच, सहज विचारल्यासारखं — की हे सायकल वगैरे करून स्नायू येतात का हो?

तो म्हणाला होता, अजिबात नाही, उलट कार्डिओ — हे सायकल, चालणं — स्नायू खातं. चष्मा कपाळावर चढवून मालक म्हणाले, असं काही नसतं, सायकलवाल्यांच्या मांड्या बघितल्यात का कधी? पैलवान म्हणाला, ते जन्मभर चढ चढतात, ताईंची सायकल गॅलरीत आहे. मग दोघं पेटले. आज जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला आणि वाद काल जिथं थांबला होता तिथून पुढे सुरू झाला. दीर तर त्याहून वरचा. त्यानं फोनवर लागोपाठ व्हिडिओ पाठवले होते, एकात एक बाई धावून धावून दणकट झालेली, दुसऱ्यात तसलीच दुसरी बाई धावून धावून वाळलेली, आणि खाली त्यानं लिहिलं होतं, वहिनी, दोन्ही बघा. दोन्ही बघा! दोन्ही बघून मी काय करू? दहा तोंडं आणि दहा तोंडांत अकरा मतं. मी कुठं स्पर्धेला उतरणार आहे? मला मांड्या नकोत, दंड नकोत, मला एवढंच सांगा की एका वाढलेल्या मुलीला पलंगावरून खुर्चीत ठेवण्याएवढं बळ या सायकलनं येतं की जातं… पण हे ती मोठ्यानं बोलली नाही. बोलली असती तर दोघं गप्प झाले असते, आणि ती शांतता तिला त्या वादाहून जास्त नकोशी होती.

तिनं काकडीची चकती तोंडात घातली. समोरच्या फळीवर सगळ्या कवळ्या दात विचकून बसल्या होत्या. त्या क्षणी तिला त्यांचासुद्धा राग आला.

संध्याकाळी फिजिओबाई येणार होत्या. आठवड्यातून एकदा त्या चिमणीचा व्यायाम घ्यायला यायच्या — ठेंगण्या, तोडून बोलणाऱ्या, पण चिमणीचं आणि त्यांचं गूळपीठ होतं. आई आज चालायला गेली नाही. खुर्ची पुढे ओढून बसली आणि बाईंनी चपला काढायच्या आत त्यांना सगळं सांगितलं: गुडघे, डॉक्टर, सायकल, काकडी, फरशी. शेजाऱ्यांचं तेवढं सांगितलं नाही.

फिजिओबाईंनी तिला हातांची घडी छातीशी घालायला लावली आणि हात न टेकता खुर्चीवरून उठा म्हणाल्या. ती उठली. पुन्हा उठा. पुन्हा उठली, मग जरा झुकून उठली, मग उठताना गुडघ्यांपेक्षा मांड्याच लटपटल्या, आणि समोर चिमणी बघत होती म्हणून ती हसली.

बाई बसल्या आणि शांतपणे बोलल्या. सायकलनं, चालण्यानं दम वाढतो, हृदयाला चांगलं, आणि ज्यानं कधी काही केलेलं नाही त्याच्या पायांत सुरुवातीला थोडी ताकदही येते. पण ते पायांपुरतं आणि थोडंच. हातांत, पाठीत त्यानं काही येत नाही. आणि पोट मारून नुसतं तेवढंच करत राहिलात तर उतरतं ते सगळं वजन चरबीचं नसतं, त्यात स्नायूही असतात.

“उचलायची ताकद उचलण्यानंच येते, ताई. आणि खाण्यानं. अंडी, डाळी, दूध, काय चालेल ते. सायकल बंद नका करू, पण तिच्या जिवावर राहू नका.”

“किती दिवसांत येईल?”

“महिने धरा. आणि तोवर उचलायचं यंत्र वापरा. खरं तर नंतरही.”

यंत्र म्हणजे तो लोखंडी आकडा आणि कापडाची झोळी. नाही. ती काही म्हणाली नाही, पण बाईंना ते ऐकू गेलं असावं, कारण त्या चिमणीकडे वळल्या. आईला मात्र आतून एक विचित्र समाधान वाटत होतं, दुखऱ्या दाताला जीभ लावल्यावर वाटतं तसं — म्हणजे आपलंच चुकलं होतं. चला, ठरलं तरी. मीच वर्षभर घाम गाळून स्वतःला पोखरत होते, मीच टाकलं तिला…

फिजिओबाईंनी चिमणीला आपली दोन बोटं घट्ट दाबायला सांगितली. मग दुसऱ्या हातानं. मग दंडाभोवती फीत गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“तू जेवत नाहीस का ग?” त्या म्हणाल्या.

चिमणीनं बाही खाली ओढली. आई म्हणाली की जेवते की, माझ्याबरोबर हल्ली तीही कमी तेलाचं खाते, अर्धं ताट परत येतं कधीकधी, पण ते… आणि बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं. अर्धं ताट. किती दिवस? तिला तर बरं वाटलं होतं, सोबत करतेय पोरगी म्हणून.

“हात माझे सुटले, आई,” चिमणी म्हणाली. “तू नीट धरलं होतंस. माझीच बोटं मानेमागे टिकेनात.”

“आणि जेवण?” बाई म्हणाल्या.

“मी जरा हलकी झाले तर हिला सोपं पडेल, असं वाटलं.”

आईला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटका. लाज वाटावी अशी, धबधब्यासारखी सुटका — मी नाही, मी नाही सोडलं! — आणि ती ओसरायच्या आत दुसरं काहीतरी वर आलं. फिजिओबाई काहीतरी सांगत होत्या, दोघींनाही सांगत होत्या, एकमेकींना वाचवता वाचवता दोघी वाळलात अशासारखं काहीतरी, रबरी पट्टे आणीन म्हणत होत्या, यंत्राचंही पुन्हा म्हणाल्या. ती मान हलवत राहिली. बाई गेल्या, दार लागलं.

मग ती खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

“परवापासून मी त्या सायकलवर मरतेय,” ती म्हणाली, “आणि तू आतमध्ये छताकडे बघत पडून राहिलीस. एका शब्दानं बोलली नाहीस?”

चिमणीनं तिचा तो फोनवरचा मधाळ आवाज काढला नाही.

“तू विचारलंस कुठं? पडलो, आणि तू सरळ ठरवूनच टाकलंस की तुझे हात गेले. सगळ्या जगाला विचारत सुटलीस. मला विचारलंस का?”

“तू लहान—” म्हणता म्हणता ती थांबली.

“तुझ्या मिठीत कोण होतं, मी की तो पैलवान?”

ती स्वयंपाकघरात गेली. पातेल्यात पाणी घातलं, अंडी सोडली, गॅस नको तेवढा मोठा केला. कानशिलं तापली होती. अर्धं ताट! उपाशी राहून हलकी होणार, महामाया, आणि मग हात सुटले की खाली डोकं आपटून घेणार, आणि वर मलाच विचारणार, विचारलंस का… नवऱ्यावर ती चिडायची, डॉक्टरांवर, दिरावर, सायकलीवर, दातांवर — वर्षानुवर्षं जगात कुणी शिल्लक ठेवलं नव्हतं तिनं. चिमणीवर कधी नाही. चिमणीवर चिडायचंच नसतं, असं कधीतरी, कुणी न सांगता, ठरून गेलं होतं. तिचं काही चुकलं तर उरात गलबलून यायचं, आणि गलबलणं हेच प्रेम, असं ती धरून चालली होती.

आणि आता गलबलून येत नव्हतं. राग येत होता. चांगला, सणसणीत राग, मूर्खपणा केलेल्या मोठ्या बाईचा यावा तसा. बरोबरीच्या माणसाचा यावा तसा. आतून खुर्चीच्या चाकांचा आवाज दाराकडे येत होता. चिमणीही चिडली होती, ती चाकं कशी फिरवते त्यावरून कळत होतं, आणि अजून बरंच काही बोलायची होती. उद्या सकाळी तिला कुणी उचलायचं, आकड्यानं की हातांनी, ते ठरलं नव्हतं, आणि बहुतेक आता तिनं एकटीनं ठरवायचंही नव्हतं. पाणी उसळत होतं. ती दाराकडे पाठ करून उभी राहिली, भांडण आत येण्याची वाट बघत, आणि तो राग जाऊ नये म्हणून तिनं तो नीट, दोन्ही हातांनी धरून ठेवला.