कोकरांचं गिधाड

सावली गवतावरून सरकत आली तशी व्हेरेनानं हातातलं दाताळं फेकलं आणि बाळावर पालथी पडली. पोटाखाली बाळ रडायला लागलं, तरी तिनं मान वर केली नाही. डोक्यावर पंखांचा आवाज झाला, ओलं जाड कापड झटकावं तसा. मग कड्याच्या बाजूनं बंदुकीचा बार.

"पाडलं!" लुत्सी शिकारी ओरडला. "ऊठ पोरी, पाडलं त्याला."

ती बाळाला कडेवर घेऊन उठली. कुरणाच्या वरच्या अंगाला तिची सासू एल्सबेथ पाइनचं खोड घट्ट धरून उभी होती. लेक नेसा गेल्यापासून ती इथं झाडाची सावली सोडून कधी पुढं आली नव्हती. याच कुरणात, ऐन गवतकापणीत, रांगती नेसा लॅमरगायर गिधाडानं उचलून नेली होती. पोरीजवळ तेव्हा बाप, एल्सबेथचा नवरा कास्पर, होता. डोळ्यांदेखत नेली, असं त्यानं सगळ्या प्रेटिगाउ खोऱ्याला सांगितलं होतं. व्हेरेना लग्न होऊन आली, तेव्हा सासऱ्यानं तिलाही बजावलं होतं, "लॅमर म्हणजे कोकरं, गायर म्हणजे गिधाड. नाव काय उगीच पडतं?"

लुत्सीनं पक्षी फरफटत आणला. पंख पसरले तर दीड माणूस आडवा मावेल एवढे. छातीवर गंजासारखी तांबूस पिसं. कास्पर जवळ आला नाही, लांबच विळ्याला धार लावत बसला.

लुत्सीनं सुरीनं पोट फाडलं. आतून हाडांचे तुकडे निघाले, एक रानबकरीचा खूर निघाला. मांस नव्हतंच.

"बघा ह्या नख्या," पाय उचलून तो म्हणाला. "कोंबडीच्या बऱ्या! हे काय जिवंत जनावर उचलणार? मेलेल्याची हाडं नेतं, खडकावर टाकून फोडतं, बस्स."

"मग कोकरांचं गिधाड कशाला म्हणायचं?" व्हेरेनानं विचारलं.

"अगं, मेंढक्याला लागते डुलकी, कोकरू जातं कड्यावरून. मालकाला काय सांगणार, झोपलो होतो? त्यापेक्षा गिधाडानं नेलं. गिधाड थोडंच येतंय साक्षीला! तसं पडलं नाव."

तो एकटाच हसला. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि तो सुरी पुसायला लागला.

धार लावायचा आवाज थांबला होता.

एल्सबेथ झाडाखालून निघून आली. पक्ष्याशेजारी बसली, त्याचा पाय तळहातावर घेतला आणि नखीचं टोक अंगठ्यानं दाबून पाहिलं. पुन्हा दाबून पाहिलं.

"ते मोठं होतं," कास्पर म्हणाला. "याच्याहून मोठं."

त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. व्हेरेनानं बाळाला उराशी आवळलं. मघाच्या सावलीपेक्षाही आता तिला जास्त भीती वाटत होती.

एल्सबेथ उठली, एप्रनला हात पुसले आणि सरळ कड्याकडे चालू लागली. वाऱ्यानं तिचा डोक्याचा रुमाल उडाला, तरी थांबली नाही.

"आई, तिकडं नका जाऊ!" व्हेरेना ओरडली.

पार कडेला जाऊन सासू उभी राहिली आणि खाली दरीत पाहू लागली.

"कास्पर," मागं न वळता तिनं विचारलं, "कुठं?"

कास्पर धडपडत गेला, तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. डोक्यावरची टोपी काढली. मग त्याचा हात हळूहळू वर आला आणि बोट खाली वळलं.