माटोळीखालची खोली

घटस्फोटाच्या हुकमात हरमलच्या घराची समुद्राकडची खोली शेवंतीच्या वाट्याला आली होती. पूर्वीचा नवरा जयराम मात्र तिला उंबरा ओलांडू देईना. दोनदा बेलीफ आला नि कुलूप बघून परत गेला. आज तो कुलूप फोडायची परवानगी घेऊन आला, तर खोली सताड उघडी! आत गणपती बसलेला, वर माटोळीच्या लाकडी चौकटीला सुपाऱ्यांचे घोस आणि काकड्या टांगलेल्या.

चवथ होऊन आठवडा उलटला होता. या घराण्याचा गणपती पिढ्यान्‌पिढ्या दीड दिवसाचा, तोही मधल्या चौकात. यंदा जयरामने नेमका याच खोलीत, एकवीस दिवसांचा बसवला होता.

"विसर्जनाआधी देवाक कोण हात लावतलो?" जयराम हसत म्हणाला.

बेलीफाने चपला काढल्या, हात जोडले. "बाय, मागीर येवया, विसर्जन जाल्यार," तो शेवंतीला म्हणाला.

शेवंतीला राग आला नाही. बधिर बोटाला सुई टोचावी, तसं झालं. ती आत गेली, समईत तेल घातलं, वात सारखी केली.

"देवाक हालवू नका," ती जयरामकडे बोट दाखवत बेलीफाला म्हणाली. "हुकमात देवाचा नाव नाय. ह्यांचा आसा."

बेलीफाने मान डोलावली आणि जयरामला बाहेर काढलं.

तिन्हीसांजेला जयराम आरतीचं ताट घेऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "आत येव काय?"

शेवंतीने त्याच्या हातातलं ताट घेतलं आणि दार लोटलं.