गुरुवारचं इंजेक्शन

मनकर्णाबाईचा उजवा डोळा साखरेच्या आजारानं आधीच गेला होता. २०१९च्या जानेवारीत डाव्यात काळे धागे तरंगायला लागले, तेव्हा मुलगा विश्वजीत तिला डॉक्टर पद्मजांकडे घेऊन गेला. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातारा परिसरात, त्यानं नवं घर घेतलं होतं. नळ बसवलेले होते, पाणी टँकरनं यायचं.

"मावशी, तुमच्या डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्यात," पद्मजा म्हणाल्या. "पडदा गुदमरतो आणि एक प्रथिन सोडतो. पुरवठा वाढवा, असा तो निरोप. रक्तवाहिन्यांच्या पेशींवर निरोप घेणारे रिसेप्टर असतात. निरोप त्यांना चिकटला की नव्या वाहिन्या फुटतात. पण कच्च्या."

"म्हंजे बिगर परवान्याची पाइपलाइन," मनकर्णाबाई म्हणाली.

पद्मजा हसल्या. "तीच. गळते, फुटते."

"अन् सुईत काय ऱ्हातं?"

"नकली रिसेप्टर, सुटे. निरोप पेशीपर्यंत पोचायच्या आत ते त्याला धरून ठेवतात. महिन्याभरात ते संपतात, पडद्याची ओरड मात्र चालूच राहते. म्हणून दर चौथ्या गुरुवारी यायचं. दिसायला लागलं तरी यायचं."

फेब्रुवारी आणि मार्चच्या इंजेक्शनांनंतर मनकर्णाबाईला तांदळातले खडे दिसू लागले. एप्रिलमध्ये टँकरचा वार बदलून गुरुवार झाला. विश्वजीत आणि सून श्रेया दोघंही कामावर. टाकीत पाइप सोडायला घरी तीच. त्या गुरुवारी ती रिक्षानं दवाखान्यात गेली आणि टँकर दारावरून परत गेला. पुढचा चार दिवसांनी आला.

"तुझ्या एका डोळ्यापायी सगळ्या घरानं कोरडं बसायचं का?" विश्वजीत म्हणाला. मग तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

मे आणि जूनच्या तारखांना ती पाइप धरून दारात उभी होती. रात्री त्यानं इंजेक्शनचं विचारलं की ती "झालं" म्हणायची. दिसत तर होतं.

जुलैत एका सकाळी चहा गाळताना डोळ्यापुढं आधी लाल धूर आला, मग अंधार.

पद्मजांनी तपासलं, मग फाइल उघडली. "दोन तारखा कोऱ्या आहेत. वाहिन्या फुटल्यात, पडदा ओढला जाऊन सुटलाय. ऑपरेशन करू. उजेड कळेल, बहुतेक. त्याहून जास्त सांगत नाही."

विश्वजीत आईकडं वळला. "माय, तू तर झालं म्हणायचीस!"

"पाणी भरलं का, हे तू दारातूनच विचारायचा. सुईचं विचारायचा ते जेवण झाल्यावर."

नर्सनं संमतीचा कागद आणि शाईचं पॅड पुढं केलं.

"अंगठा नाय," मनकर्णाबाई म्हणाली. "सही येती मला. चौथी शिकले मी."

विश्वजीतनं तिच्या हातात पेन दिलं, बोट कागदावर टेकवून दिलं. तिनं सावकाश पूर्ण नाव लिहिलं. पहिली तीन अक्षरं कागदावर आली, बाकीची टेबलावर. थांब, असं तिला कुणी म्हणालं नाही.