देणगीदाराच्या हातचं लुगडं

लाउडस्पीकरवरून माझ्या बहिणीचं नाव पुकारलं गेलं आणि माझ्या हातातला मुरमुऱ्यांचा पुडा खाली पडला. भर मंडई होती, म्हणजे आमच्याकडची जत्रा. दिवाळी नुकतीच झालेली, आजूबाजूच्या गावांतून खासरं, म्हणजे बैलगाड्या, भरभरून माणसं आलेली. आणि श्रावण, दंडारीच्या, म्हणजे नाचगाण्यातल्या नाटकाच्या, मंडळीचा म्होरक्या, मांडवात उभा राहून हात जोडून सांगत होता, "ज्या माउलीवर हा प्रसंग गुदरला, थे आपल्याच गावची सून हाये जी. घनश्यामच्या घरची रुखमिणीबाई. तिनं मंचावर यावं."

रुखमिणी माझ्या शेजारीच बसली होती. ती माझी धाकटी सख्खी बहीण, आणि जाऊसुद्धा. आम्हा दोघींना एकाच घरात दिलेलं. तिनं माझा दंड असा धरला की नखं रुतली.

"ताई, हे काय होऊन राहिलं व?"

काय होऊन राहिलं ते मला तरी कुठं कळत होतं! आत्ता आत्ता दंडारीत एका बाईवर जबरदस्ती होताना सगळ्या गावानं पाहिली होती. बायका डोळे पुसत होत्या. ती बाई कोण, हे आम्हा दोघींशिवाय गावात कोणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तिच्या नवऱ्याला, घनश्यामलाही नाही. आणि आता साऱ्या मंडईला ठाऊक झालं होतं.

घडलं होतं ते आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, त्र्याऐंशी साली. रुखमिणी एका संध्याकाळी फाटक्या लुगड्यानं घरी आली. मला एकटीला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, जंगलात बिडीची पत्ती तोडताना कोणीतरी गाठलं, तोंड दिसलं नाही. घरात सांगितलं की झाडावरून पडले. आम्ही दोघी बाजाराच्या निमित्तानं ठाण्यात गेलो. तिथला जमादार आमच्याकडे न बघताच म्हणाला, "नाव ना गाव, मी लिहू काय? घरी जा आन् तोंड बंद ठेवा. अब्रू तुमचीच जाईन." आम्ही आलो तशा परत फिरलो. त्या जमादाराच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या मी त्याच्या डोक्यात का घातला नाही, याचा राग मला अजून येतो.

पुढच्या वर्षी सुलोचनाबाई आल्या. भंडाऱ्याच्या एका वकिलाच्या पत्नी. गुन्ह्यात ज्याचं नुकसान होतं त्यालाही कायद्यानं हक्क असतात, हे खेड्यापाड्यांत सांगायला त्यांनी समिती काढली होती. कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलणं असं की न्याय आता दारात येऊन बसलाच आहे, चहा तेवढा ठेवायचा. महिला मंडळात त्यांनी सांगितलं, "गुन्हेगार अनोळखी असला तरी पोलिसांना तक्रार लिहून घ्यावीच लागते. तिची नक्कल फुकट द्यावी लागते. बाईला जबानीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांनी तिच्या घरी यायचं." रुखमिणी हे ऐकून सुन्न झाली. सभा संपल्यावर तिनं बाईंना एकटं गाठून सगळं सांगितलं. बाई रडल्या. तिचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुझं नाव माझ्या तोंडून कधी निघणार नाही." त्या क्षणी त्या खरंच तसं म्हणत होत्या, हे मी आजही नाकारत नाही.

पण प्रचार करायचा तर पैसा लागतो. सरकारी अनुदान आलं ते कापडी फलक रंगवण्यातच संपलं, आणि फलक वाचणार कोण? म्हणून दंडार बसवायची ठरली. गाणं, नाच आणि सोंगं असली की आमच्याकडे म्हातारी माणसंसुद्धा जागची हलत नाहीत. दंडारीला पैसा द्यायला एकच माणूस पुढे आला, हिरालाल शेठ, आमच्या भागातला बिडीचा सट्टेदार, म्हणजे ठेकेदार. गावातली प्रत्येक बाई त्याच्याकडून पत्ती आणि तंबाखू आणायची, बिड्या वळून त्याच्याच कोठीवर नेऊन द्यायची. त्याची मर्जी फिरली की चांगल्या बिड्यासुद्धा छाट म्हणून फेकल्या जायच्या. अशा माणसाला बायकांच्या हक्कांचा एवढा पुळका का आला, हे त्याला कोणी विचारलं नाही. मांडवावर समितीचं नाव बारीक आणि त्याचं मोठं, म्हणजे विषय संपला.

आता श्रावणचं. माणूस सरळ, देवभोळा. त्याच्या मंडळीत एक रीत होती. खरी घडलेली गोष्ट खेळली, तर ती ज्या घरची आहे त्या घरच्या माणसाला मंचावर बोलावून नारळ आणि वस्त्र द्यायचं. नाहीतर दुसऱ्याचं दुःख आपण फुकट खाल्लं, असं ते मानत. सुलोचनाबाईंनी 'प्रसंग नीट उभा राहावा' म्हणून त्याला, फक्त त्याला, नाव सांगून ठेवलं होतं. कोणाला सांगू नको, असंही बजावलं होतं. पण मान करणं म्हणजे कोणाला सांगणं, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. त्यानं मनापासून, डोळ्यांत पाणी आणून माझ्या बहिणीला साऱ्या जगापुढं उघडं केलं.

"जा व माय, जा. मान होऊन राहिला तुहा," मागच्या बायका रुखमिणीला पुढे ढकलू लागल्या. मी तिचा पदर धरला, तो सुटला. पानठेल्यापाशी घनश्याम उभा होता. पानाचा विडा तोंडाशी नेलेला त्याचा हात तिथंच थांबला होता. आमच्या सासूबाई, सीताबाई, पुढच्या ओळीत होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला, उठल्या आणि माणसांतून वाट काढत घराकडे चालू लागल्या.

मंचावर सुलोचनाबाईंचा चेहरा पांढरा पडलेला मला लांबून दिसला. त्या श्रावणच्या कानाशी काहीतरी बोलल्या. पण भंडाऱ्याहून आलेला फोटोवाला कॅमेरा रोखून उभा होता, तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि हसल्या. हसल्या! मी ते या डोळ्यांनी पाहिलं.

"आन् हा मान करतीन आपले देणगीदार हिरालाल शेठ," श्रावण म्हणाला.

गळ्यात झेंडूचा हार घातलेला हिरालाल उठला. दोन्ही हातांवर नवं कोरं हिरवं लुगडं, वर नारळ. रुखमिणी त्याच्यासमोर उभी राहिली. तो लुगडं पुढे करी, ती हात पुढे करीना. लोकांना वाटलं, बाई लाजली. कोणी टाळ्या वाजवायला लागलं. मग ती सुलोचनाबाईंकडे वळली. मध्ये लाउडस्पीकरचा माईक होता, तो काही तिनं धरला नाही, पण तिचं बोलणं त्यात शिरलं आणि मंडईच्या पार शेवटच्या जिलेबीच्या दुकानापर्यंत गेलं.

"बाई, ज्यानं माह्यं लुगडं फाडलं, त्याच्याच हातून नवं घेऊ काय?"

जंगल खोटं होतं. न दिसलेलं तोंड खोटं होतं. दीड वर्ष ही पोरगी दर आठवड्याला त्याच्या कोठीवर बिड्या नेऊन देत होती, आणि मी, तिची सख्खी बहीण, तिच्या शेजारी रांगेत उभी असायची.

पण त्याहून मोठा धक्का मला पुढं बसला. मी आजूबाजूच्या बायकांकडे पाहिलं. मला वाटलं, एखादी तरी ओरडेल, 'काय बोलून राहिली हे?' कोणी ओरडलं नाही. कोणी 'कोण?' म्हणूनही विचारलं नाही. मंदाबाईनं पदर तोंडात धरला होता. सुंदरबाई जमिनीकडे बघत होती. साऱ्या बिडीवाल्या बायका अशा बसल्या होत्या की जणू काही नवीन कानावर आलंच नाही.

हिरालाल हसला. "बाईच्या डोक्शात फरक पडला," म्हणाला, लुगडं श्रावणच्या अंगावर टाकलं आणि उतरून चालता झाला. कोणीतरी घाबरून ढोलकी वाजवायला सुरुवात केली. श्रावण बिचारा ते लुगडं पोटाशी धरून लहान पोरासारखा रडत होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी आकांत केला. नाक कापलं, घर बुडालं, माह्या लेकाचं तोंड काळं केलं. मग त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या, त्या जेवायलाही उठल्या नाहीत. घनश्याम ओट्यावर बसून होता. त्यानं एकच विचारलं, "मले काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमी त्याचा जीव घेतला असता," रुखमिणी म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् तुले सांगितलं असतं, ताई, तं तू कोठीवर जाऊन बोंबलली असती. साऱ्या गावाची पत्ती बंद केली असती त्यानं."

खरं होतं. मी बोंबललेच असते.

सकाळी सुलोचनाबाई जीपमधून आल्या. मला वाटलं, माफी मागायला आल्या असतील. बाजेवर बसल्या, चहा नको म्हणाल्या, आणि रुखमिणीचे हात पुन्हा हातात घेतले.

"झालं ते फार वाईट झालं. श्रावणनं फार मूर्खपणा केला. पण शेठजी खूप दुखावले गेलेत. पुढची देणगी बंद, म्हणतात."

"दुखावले?" मी म्हणाले. "कोण दुखावलं?"

"कलाबाई, मला बोलू द्या. मोहाडीपासून आंबागडपर्यंत गावं ठरली आहेत. दंडार गेली नाही तर तिथल्या बायकांना आपले हक्क कोण सांगणार? रुखमिणी, तू फक्त त्यांच्या घरी येऊन एवढंच म्हण, की अंधार होता, माणूस ओळखण्यात चूक झाली. तुला हक्क नाही असं मी म्हणत नाही. पण जिल्ह्यातल्या सगळ्या बायकांचा विचार कर."

ऐकतच राहिले मी. हक्कांचा प्रचार चालावा म्हणून ही बाई माझ्या बहिणीला तिचा हक्क सोडायला सांगत होती, आणि तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. ढोंग असतं तर मी तिला हाताला धरून अंगणाबाहेर काढली असती. ढोंग नव्हतं, म्हणून माझं डोकंच बंद पडलं.

रुखमिणीनं आपले हात हळूच सोडवून घेतले.

"बाई, ठाण्यात लिहून घ्याच लागते म्हणून तुमी सांगितलं होतं. थे खरं हाये, का फक्त दंडारीपुरतं?"

"खरं आहे. पण..."

"मंग चाला माह्यासंगं. आता माणसाचं नाव बी हाये. तुमच्यासारखी बाई संगं असली तं जमादार हाकलणार नाई. जीप हायेच."

सुलोचनाबाई उठल्या नाहीत. त्यांनी दाराबाहेर पाहिलं. जीपवाला बोनेटला टेकून बिडी ओढत होता आणि आमचं बोलणं ऐकत होता.

"जीप शेठजींची आहे," त्या म्हणाल्या.

घनश्याम ओट्यावरून उठला. रात्रभर जागचा न हललेला माणूस गोठ्यात गेला आणि बैल सोडून घेऊन आला. ते खासराला जुंपू लागला. रुखमिणी चढून बसली. मीही पदर खोचला.

तेवढ्यात आतून सासूबाई बाहेर आल्या. मला वाटलं, आता ह्या बैलांपुढं आडव्या पडतात. मी त्यांना आवरायला पुढे झाले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"मले बी बसव."

"आई, तुमी कायले येता?"

"माह्यं बी लिहून घ्याचं हाये." त्या घनश्यामकडे बघत नव्हत्या, खासराच्या चाकाकडे बघत होत्या. "तू तवा पाळण्यात होता. हिरालाल नवानवाच सट्टा घेऊन आला होता."

घनश्यामच्या हातातला कासरा तसाच राहिला. रात्रभर भिंतीकडे तोंड करून ही बाई कोणाचं नाक कापलं गेलं म्हणून रडत होती, ते मला तेव्हा कळलं.

रुखमिणीनं वरून हात दिला आणि सासूबाईंना ओढून घेतलं. गल्लीत जीप आडवी उभी होती, जीपवाला ती काढेना. घनश्यामनं मग खासर कापलेल्या धानाच्या बांधीतून, शेतातूनच काढलं.