पगारी गिऱ्हाईक

उरणच्या बाहेर, जिथे पूर्वी मिठागरं होती, तिथे आता चौदा मजली इमारतींची चित्रं उभी आहेत. इमारती मागून येतील.

मितेश आणि कल्पिता दर रविवारी तिथल्या विक्री कार्यालयात गिऱ्हाईक म्हणून कामाला जात. काम सोपं. इस्त्रीचे कपडे घालून सोफ्यावर बसायचं, नमुना फ्लॅट बघून खूश व्हायचं आणि खरं गिऱ्हाईक आलं की घाईघाईने चेकबुक काढायचं. दोघांचे मिळून हजार रुपये, वर जेवण. "घर घेणाऱ्या बायका नवऱ्याला अहो म्हणतात," असं विक्रीवाल्या ओंकारने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यामुळे एरवी मितेशला अरे-तुरे करणारी कल्पिता रविवारपुरती सुशील झाली.

अडचण एवढीच, की गर्दी दिसली की बिल्डर दर वाढवी. रविवारी हजार रुपये मिळत आणि त्याच रविवारी घर पन्नास हजारांनी लांब जाई. मितेश कंटेनर यार्डात कारकून, कल्पिता साडीच्या दुकानात. त्यांचेही पगार वाढत, पण कोणीतरी सांगितल्याशिवाय ते कळत नसे.

आणि दोघांना घर खरोखरच हवं होतं. दर अकरा महिन्यांनी भाड्याची खोली बदलावी लागे, आताचीही महिनाअखेर सोडायची होती. बँकेचं कर्ज आणि कल्पिताच्या पाटल्या मिळून जेमतेम अडतीस लाख होत होते. जुन्या दराचा एकच फ्लॅट उरला होता, तिसऱ्या मजल्यावरचा, अडतीसला. तो गेला की पुढचे चाळीसला.

त्या रविवारी मितेश ओंकारच्या टेबलाशी वाकून म्हणाला, "ओंकारशेठ, आज खरा चेक आणलाय."

"मस्त! पण जरा मोठ्याने. सोफ्यापर्यंत गेलं पाहिजे."

"अरे, खरंच बोलतोय रे. फ्लॅट आम्हालाच पायजे."

"हां, हाच टोन!" ओंकार म्हणाला आणि दाराकडे धावला, कारण माणगावहून राहुल आणि विनिता नावाचं खरं जोडपं आलं होतं.

त्या दोघांनाही तोच तिसरा मजला दाखवला गेला. मितेश पाणी प्यायला उठला, बसला, न लागलेली तहान भागवायला पुन्हा उठला. विनिता नमुना फ्लॅटमधला ओटा वितीने मोजत होती. राहुल छताकडे बघत होता.

"जड जातंय हो," तो शेवटी म्हणाला. "माणगावला जाऊन विचार करतो आणि कळवतो."

विचार करायला माणगावला गेलेला माणूस परत येत नाही, हे ओंकारला ठाऊक होतं. त्याने कल्पिताला डोळ्यांनी खुणावलं. आता चेकबुक काढायचं.

कल्पिता उठली. तिच्या हातात सही केलेला चेक होता.

"ताई, नका घेऊ," ती विनिताला म्हणाली. "ही गर्दी खोटी हाय. आम्ही पगारी गिऱ्हाईक. दर रविवारी बसतो इथं. आणि खोली मोठी दिसतेय ना, ती पलंग आखूड केलाय म्हणून. झोपून बघा, पाय बाहेर येतात."

ओंकार पांढरा पडला. विनिताने कल्पिताच्या भरलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग तिच्या मुठीतल्या चेककडे.

"अहो," ती नवऱ्याच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, "बाईला हाच फ्लॅट हवाय. आपल्याला पळवून लावतेय. चेक बघा, सहीसकट तयार आहे."

"खरं सांगतेय हो मी!" कल्पिता ओरडली.

"घेऊन टाका लवकर!" विनिता म्हणाली. आयुष्यभर विचार करून कळवणाऱ्या राहुलने उभ्या उभ्या सही ठोकली.

ते दोघं पेढे खाऊन गेल्यावर ओंकार हजारांऐवजी दोन हजारांचं पाकीट घेऊन आला.

"वहिनी, काय काम केलंत! मला घाम फुटला. पुढच्या रविवारी हे दोनदा करू. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा."

"आणि दर?" मितेशने विचारलं.

"वाढणारच ना शेठ. तुम्ही एवढं छान करताय."

कल्पिताने पाकीट टेबलावर आपटलं आणि तरातरा दारापर्यंत गेली. मग परत आली, पाकीट पर्समध्ये टाकलं आणि मितेशला म्हणाली, "चल रे. अंधार पडायच्या आत एखादी भाड्याची खोली बघू."