मीठ बघायला आलेलं विमान

नास्तासियानं पळी तोंडाला लावली, सुर्रकन रस्सा ओढला आणि मुद्दाम तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी पडलंय. राहू दे. एव्हान वरूनच सांगेल."

"झालं सुरू!" माशाच्या फोडी करता करता तिची जाऊ ओलिंका हसली.

"खोटं वाटतं होय गं? मागच्या खेपेला विमान घेऊन एवढा खाली आला, की वाऱ्यानं पातेल्यावरचं झाकणच उडालं. खिडकीतून डोकं घालून म्हणाला, मावशी, मीठ!"

"आणि कुत्र्यानं शेपटी हलवून साक्ष दिली असेल."

तेवढ्यात नदीच्या अंगानं घरघर ऐकू आली. बेथेल शहराहून एव्हान आपलं छोटं विमान घेऊन आला होता. धावपट्टी गावाबाहेर, दलदलीच्या पलीकडे. म्हणून अलास्कातल्या या गावांची रीतच होती. आधी आपल्या माणसाच्या घरावर घिरटी घालायची. घरातल्यानं बाहेर येऊन फडकं हलवलं की समजायचं, दिसलास, न्यायला येतो. फडकं दिसल्याशिवाय एव्हान हलायचा नाही. नास्तासियाच्या बहिणीचा मुलगा; आई गेल्यापासून मावशीच्याच हातचं खाऊन वाढलेलं पोर ते.

पहिली फेरी झाली. ओलिंकानं लाल फडकं पुढे केलं.

"जा की."

"थांब जरा. अजून खाली येऊ दे. मग बघ कोण खोटं बोलतंय ते."

दुसऱ्या फेरीला फळीवरच्या बशा किणकिणल्या. नास्तासियानं भुवया उडवल्या.

तिसऱ्या फेरीला आवाज जवळ आला, पण बारीक झाला. दम लागल्यासारखा. पळी पातेल्यात तशीच राहिली. तिचा नवरा वासिली पायलट होता. खालच्या मूस हरणाकडे बघत हळूहळू वळताना विमानासकट पडलेल्या दोघांना त्यानं एकदा दलदलीतून उचलून आणलं होतं. त्या रात्री तो एवढंच म्हणाला होता, "वेग गेला की पंख हवा सोडतो. आणि एवढ्या खाली सावरायला जागा नसते."

गुडघा दुखतो हे ती विसरली. फडकं ओढून धावतच दाराबाहेर आली.

"वर जा! अरे सरळ जा! वर!"

दोन्ही हातांनी तिनं फडकं वर, वर हलवलं. काचेतून एव्हानचं तोंड दिसलं. समोर नाही, तो खाली तिच्या दाराकडेच बघत होता. फडकं दिसलं तसा तो हसला. आणि 'कळलं' म्हणून त्यानं पंख आणखी थोडा कलता केला.

तो पंख मग परत वर आलाच नाही. झोपलेल्या माणसाचा हात बाजेवरून घसरावा तसा खाली गेला. विमान त्याच्यामागून गेलं, झुडपांपलीकडे.

गडी माणसं धावली. नास्तासिया दारातच उभी होती. फडकं अजून हलत होतं. ते ओलिंकानं तिच्या हातातून काढून घेतलं.

दुपारी गडी एव्हानला झाकून घेऊन आले. मागोमाग पोलीस आला. तरणाच होता. टोपी काढून बाकावर बसला.

"आजी, विमान साधारण किती उंचीवर होतं? लोक म्हणतात, तो नेहमीच फार खाली यायचा. तसं असेल तर चूक त्याचीच लिहावी लागेल."

सगळं घर नास्तासियाच्या तोंडाकडे बघायला लागलं. ही गोष्ट गावात शंभरदा तिनंच सांगितली होती.

"उंच होता," ती म्हणाली. "ढगांत होता. माझ्या फडक्याएवढाच दिसत होता."

पोलिसानं ओलिंकाकडे पाहिलं.

ओलिंका चुलीपाशी गेली. गार झालेल्या पातेल्यावरचं झाकण तिनं नीट बसवलं.

"होय," ती म्हणाली. "खूप उंच."